फायबर सडत नाही, आतलं सडतं: आमच्या नावेच्या डेकची दुरुस्ती

फायबरची नाव घ्या, लाकडासारखी सडायची भानगड नाही, असं सगळेच सांगतात. फायबर सडत नाही हे खरंच आहे. पण नुसत्या फायबरचा डेक, म्हणजे नावेचा वरचा सपाट भाग, कोणी बनवत नाही ना, एकतर त्याच्या पोटात काहीतरी भरलेलं असतं नाहीतर खालून पट्ट्या चिकटवलेल्या असतात, आणि ते एकदा सुटलं की वरून चकाचक दिसणारा डेक पाय ठेवला की खाली जातो आणि पाय उचलला की टक् करून वर येतो. आमच्या नावेच्या पुढच्या डेकचं हेच झालं होतं, आणि दोन्ही बाजूच्या अरुंद डेकचंही थोडं थोडं सुरू झालं होतं.

आधी सांगून टाकतो, कारण दरवेळी हा प्रश्न येतोच की विदर्भात शिडाची नाव कुठे चालवता. आम्ही पवनी तालुक्यातले, भंडारा जिल्हा, गोसीखुर्दच्या बॅकवॉटरला लागून आमच्या धानाच्या बांध्या आहेत. धरणाचं भूमिपूजन १९८८ ला झालं, ३३ दरवाज्यांचं धरण, आणि वैनगंगेचं पाणी अडून इतकं पसरलंय की समोरचा काठ काही ठिकाणी धड दिसत नाही. त्या पाण्याखाली लोकांची शेतं आणि गावं गेली, झाडांचे खुंट अजून खाली उभे आहेत, त्यामुळे सेंटरबोर्ड, म्हणजे नावेच्या पोटातून पाण्यात सोडायची उभी फळी, जरा जपूनच खाली सोडावा लागतो. पण वारा असतो. कॉलेजात असताना एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये शीड बांधायला शिकलो होतो, ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून ही जुनी १४ फुटी दोन माणसांची नाव ट्रकवर टाकून आणली. गावात तिला फायबरचा डोंगा म्हणतात, ढिवरांची (मासेमारांची) पोरं तर शीड पाहून अजूनही हसतात.

तर डेक. हे प्रकरण समजायला गर्डर आठवा, बांधकामावर वापरतात तो आय आकाराचा. वरची पट्टी आणि खालची पट्टी ताण-दाब घेतात आणि मधला उभा पत्रा त्या दोघींना एकमेकींपासून लांब ठेवतो आणि सरकू देत नाही. सँडविच डेकमध्ये तेच असतं, वर दोन-अडीच मिलिमीटर फायबर, खाली एक-दीड मिलिमीटर फायबर, मध्ये हलकं काहीतरी, ज्याला कोअर म्हणतात. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याचा एक ठरलेला हिशोब असतो, की एका पत्र्याचे दोन पातळ भाग करून मध्ये कोअर घालून एकूण जाडी दुप्पट केली तर ताठपणा ७ पट होतो आणि जाडी चौपट केली तर ३७ पट, आणि वजन मात्र किरकोळ वाढतं. कोअर स्वतः काही फार मजबूत नसतो, फोमचा असेल तर नखाने दाबला जातो. त्याला मजबूत असायची गरजही नाही, त्याला फक्त दोन्ही बाजूंनी चिकटून राहायचं असतं. चिकट सुटली की ते ७ पट आणि ३७ पट सगळं गेलं, तुमच्या हातात उरतात दोन पातळ पत्रे जे एकमेकांवर सरकतात. म्हणून डेक लचकतो.

आमच्या नावेत पुढच्या डेकमध्ये बाल्सा होतं, म्हणजे ते विमानाच्या मॉडेलसाठी वापरतात ते हलकं लाकूड, पण उभ्या रेषांचं, म्हणजे झाडाचा ओंडका आडवा कापून केलेले छोटे चौकोन, जाळीच्या कापडावर चिकटवलेले. उभ्या रेषा असल्यामुळे पाणी एका चौकोनातून दुसऱ्यात सहज जात नाही, हे बाल्साचं चांगलं. पण चौकोनांमधल्या फटी रेझिनने (फायबरच्या धाग्यांना धरून ठेवणारं, सेट होऊन कडक होणारं चिकट द्रावण) भरलेल्या नसल्या तर पाणी त्या फटींतून सगळीकडे हिंडतं, आणि बनवणाऱ्याने त्या भरल्याच नव्हत्या. वरून कोणीतरी नंतर दोरी अडकवायचा क्लीट बसवला होता, नुसते स्क्रू ठोकून, भोकांत ना सीलंट ना काही. तिथून पाणी आत. आणि इकडचा उन्हाळा तर माहीतच आहे, ४५ डिग्रीत उघड्यावर डेक वर करून पडलेली नाव, पॉलिएस्टर रेझिन तापून नरम पडतं, आतली ओल फुगते, रात्री परत आकसतं, असं रोज.

बाजूच्या डेकची गोष्ट वेगळी. तिथे सँडविच नाही, एकाच थराचा डेक आणि त्याला खालून प्लायच्या पट्ट्या मॅटने (काचेच्या तुकडे-धाग्यांची पातळ चटई) मढवून चिकटवलेल्या, कडकपणासाठी. हॅचमधून, म्हणजे डेकमधल्या झाकणाच्या भोकातून, हात घालून एक पट्टी धरली आणि ती अख्खी मॅटसकट हातात आली. तिची चिकटलेली बाजू पाहिली तर आरशासारखी गुळगुळीत. हे पाहून मला सगळं कळलं. चांगलं चिकटलेलं असेल तर ते असं निघत नाही, धागे फाटतात, तुकडे तुकडे होऊन निघतं, मागे पांढरे केस राहतात. गुळगुळीत निघालं म्हणजे चिकटलंच नव्हतं, नुसतं टेकलं होतं. डेक आधी ओतून पूर्ण सेट झालेला, खालची बाजू न घासता त्याच्यावर पट्ट्या ठेवून ओली मॅट मारलेली. रेझिन ओलं असताना दुसरा थर मारला तर दोन्ही थर रसायनाने एक होतात, पण एकदा पूर्ण सेट झाल्यावर नवा थर फक्त ओरखड्यांना धरून राहतो. ओरखडेच नाहीत तर धरायचं काय?

आता शोधायचं कसं की कुठे सुटलंय आणि कुठे नाही. बाजारात माठ घेताना वाजवून पाहतो ना, तसंच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने किंवा नाण्याने दर दोन इंचावर ठोकत जायचं. चिकटलेलं असेल तिथे टणक आणि बारीक आवाज, सुटलं असेल तिथे बद्द. पेन्सिलने रेघ मारत गेलो तर पुढच्या डेकवर डोलकाठीपासून क्लीटपर्यंत एक मोठा नकाशा तयार झाला. मग आतल्या बाजूने, म्हणजे डेकच्या खालून, पातळ पत्र्यात ड्रिलने बारीक भोकं पाडली. ड्रिलच्या टोकावर भुसा कसा येतो ते पाहायचं. कोरडा पिवळसर आला तर बाल्सा जिवंत आहे, नुसती चिकट सुटलीय. काळा ओला चिखल आला तर तो भाग काढावाच लागतो, त्याला इलाज नाही.

गावात नाव बांबूच्या बल्ल्यांवर ठेवली की सल्ला फुकट मिळतो. आमच्या सुतार मिस्त्रीचं म्हणणं, "भाऊ, कायले एवढं डोकं खपवता जी, सागाची पट्टी ठोकून देतो, तुमचा नातू बसन त्याच्यावर." आलापल्लीचा साग इथून काही फार लांब नाही आणि आमच्याकडे सागाशिवाय लाकूड म्हणजे लाकूडच नाही. फायबरचे डोंगे दुरुस्त करणारा एक ओळखीचा पोरगा आहे, तो म्हणे, "वरतून दोन मॅट मारून देऊ ना, हत्ती उभा राहीन." तिसऱ्याने थर्माकोल सुचवलं, गणपतीच्या मखराचं उरलेलं त्याच्याकडे होतं.

तिघांनाही उत्तर कागदावर करून दाखवलं. ४५० ग्रॅमची एक मॅट रेझिनसकट दर चौरस मीटरला दीड किलोच्या वर भरते, दोन मारल्या की तीन किलोपेक्षा जास्त, आणि जाडी वाढते जेमतेम दोन मिलिमीटर. साग १० मिलिमीटरचा टाकला तर चौरस मीटरला साडेसहा किलोच्या आसपास, आणि सागात तेल असतं त्यामुळे चिकटायला तो नखरे करतो ते वेगळंच. पीव्हीसी फोम, ८० किलो घनतेचा, १० मिलिमीटर जाड, चौरस मीटरला ८०० ग्रॅम. बस. हलक्या नावेत वजन वर, डेकच्या उंचीवर वाढवणं म्हणजे ती उलटायला मदत करणं. थर्माकोलचं तर विचारूच नका, पॉलिएस्टर रेझिनमध्ये जे स्टायरिन असतं त्यात थर्माकोल विरघळून जातं, हे एका वाटीत करून दाखवलं तेव्हा पोरं खूश झाली. मिस्त्री काही पटला नाही. तो म्हणे साग तो साग. पण नाव उलटी करायला चार माणसं लागली तेव्हा पहिला हात त्याचाच होता.

नाव उलटी करणं हाच या कामातला सगळ्यात कामाचा भाग आहे असं मी म्हणेन. मोठ्या बोटीवाल्यांना डेक वरून कापावा लागतो किंवा खाली झोपून डोक्यावर रेझिन मारावं लागतं, जे अर्धं तोंडावर येतं. आपली नाव शंभर-सव्वाशे किलोची, पालथी घालता येते. पालथी घातली की डेकची खालची बाजू तुमच्यासाठी जमीन झाली, रेझिन आपोआप खाली बसतं, वजनं ठेवता येतात. आणि वरची बाजू, जिच्यावर पाय घसरू नये म्हणून बारीक खडबडीत नक्षी असते, ती कापावी लागत नाही. ती नक्षी परत जुळवणं म्हणजे भलतंच काम आहे.

एक गोष्ट मात्र उलटी करायच्या आधी करायची. डेकला मध्ये थोडा उंचवटा असतो. सरळ असतानाच आतून बांबूचा टेकू देऊन लचकलेला भाग जागेवर आणायचा आणि त्या उंचवट्याचा आकार पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा. मग रेतीचा एक बेड करायचा, त्याला तोच आकार द्यायचा, वर प्लॅस्टिक, आणि डेक त्याच्यावर पालथा. नाहीतर वजनाने डेक भलत्याच आकारात जातो आणि इपॉक्सी (चिकटवायला वापरलेलं दुसऱ्या जातीचं रेझिन) सेट झाली की जन्मभर तसाच. वैनगंगेची रेती आहे, रेतीला आमच्याकडे तोटा नाही (ती कोण कशी उचलतं यावर वेगळं लिहीन कधीतरी).

आतला पातळ पत्रा ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून कापला, खोली फक्त दोन मिलिमीटर ठेवून, ब्लेडवर टेपने खूण करून. सडलेला भाग तर हाताने उचलून आला, वास असा की तळ्याचा गाळ उपसतोय. जिथे बाल्सा धड होतं तिथे पटाशीने खरवडताना जीव गेला, आणि त्याचा मला आनंदच झाला, कारण तेवढा भाग सोडून द्यायचा होता. कापण्याचं आणि घासण्याचं काम गोठ्यापासून आणि तणसाच्या ढिगापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला करा. फायबरची धूळ चाऱ्यात गेली तर जनावराच्या पोटात जाते. माणसासाठी तोंडाला दुपट्टा बांधून भागत नाही, धुळीचा चांगला मास्क लागतो, पूर्ण बाह्या आणि चष्मा. तरी दोन दिवस मनगटं खाजतातच, थंड पाण्याने धुवा.

मग वाळवणं, आणि इथे विदर्भाचा उन्हाळा पहिल्यांदाच आपल्या बाजूने होता. समुद्रकाठचे लोक ओला कोअर सुकवायला हीटर लावतात, पंखे लावतात, ताडपत्री बांधतात आणि तरी हवेतच ओल. आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवेत ओल नावालाच असते, लू चालते. मांडवाखाली सावलीत ठेवून उघडा भाग वाऱ्यावर सोडला, रोज चिमटीत कडेचं बाल्सा दाबून पाहायचं. कडेचा काळा पडलेला थोडा भाग अजून कापावा लागला. वावधन, म्हणजे वादळी वारा, सुटलं की मात्र पळत जाऊन झाकायचं, नाहीतर सगळ्या वावरातली माती आत.

आता चिकट. पॉलिएस्टर रेझिन नागपूरला कुठेही मिळतं, स्वस्त असतं, डोंगे त्याचेच बनतात, नवीन साच्यातली वस्तू बनवायला उत्तम. पण जुन्या, सेट झालेल्या फायबरवर ते इपॉक्सीइतकं धरत नाही आणि सेट होताना आकसतंही बरंच, आणि आपलं दुखणंच मुळी धरण्याचं आहे. म्हणून पूर्ण काम इपॉक्सीत केलं, दोन-तीन पट महाग पडली तरी. (पॉलिएस्टर वापरणारच असाल तर एक लक्षात ठेवा, ते सेट करायला लागणारी दोन रसायनं, कोबाल्टचं अ‍ॅक्सिलरेटर आणि कॅटॅलिस्ट, ही दोन्ही कधी थेट एकत्र करू नका, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं. आणि कॅटॅलिस्ट डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो.) दुकानात दोन ट्यूबमध्ये मिळते ती चिकटवायची इपॉक्सी यासाठी नाही, ती घट्ट असते, कापडात मुरत नाही. लॅमिनेटिंग इपॉक्सी म्हणून मागा, आणि स्लो हार्डनर, म्हणजे तिला सावकाश सेट करणारं रसायन. प्रमाण वजनावर मोजायचं, अंदाजे नाही. हार्डनर जास्त टाकला की लवकर सुकेल हे पॉलिएस्टरवाल्यांच्या डोक्यात बसलेलं असतं, इपॉक्सीत तसं नाही, प्रमाण चुकलं तर ती कायमची चिकट राहते.

घासणं. हेच खरं काम आहे, बाकी सगळं त्याच्यानंतरचं. ज्या ज्या जागी काही चिकटणार आहे ती प्रत्येक जागा ६० नंबरच्या पेपरने, चमक पूर्ण जाईपर्यंत. एक बोटभर जागा चमकत राहिली तर तिथे सुटणार हे लिहून ठेवा. मग धूळ ब्रशने आणि ब्लोअरने काढून स्वच्छ फडक्याने अ‍ॅसिटोन, एका दिशेने पुसायचं, फडकं बदलत राहायचं, आजूबाजूला चूल-बिडी काही नको. त्यानंतर हात लावायचा नाही. आणि मे महिन्यात कपाळाचा घाम टपकतो, तो घासलेल्या जागेवर पडला की तिथे परत पुसा. मी डोक्याला जाड पट्टी बांधून काम करत होतो, येणारे-जाणारे विचारायचे, "ताप आला का जी?"

वेळ कोणती निवडायची यावर मी बराच विचार केला. डब्यावर जी वेळ लिहिलेली असते ती २५ डिग्रीची असते, आणि साधारण दर १० डिग्रीला ती अर्धी होते. म्हणजे २५ ला ४० मिनिटं मिळत असतील तर ३५ ला २० आणि ४५ ला १०, आणि १० मिनिटांत तर नुसतं ढवळून होतं. पहाटे थंड असतं म्हणून सगळे पहाट सुचवतात. पण लाकूड किंवा फोम सूर्य वर येताना तापत जातो, आतली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढते. संध्याकाळनंतर उलट होतं, सगळं थंड होत जातं, आतली हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढली जाते. म्हणून रात्री जेवणं झाल्यावर सुरू करायचो. मळ्यात रात्रीच लाईन असते, तेवढा एक फायदा. एका वेळी थोडीच इपॉक्सी कालवायची आणि कालवली की लगेच पसरट भांड्यात ओतायची, कारण ग्लासात ठेवली तर स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर काढते. स्टीलची परात खाली गार पाणी ठेवून वापरली, "माझी परात नेली त पाहजा," हे बायकोने आधीच सांगितलं होतं, म्हणून परातीला आतून प्लॅस्टिक लावलं.

फोम आधी कोरडाच बसवून पाहिला, कडा ४५ अंशात तिरप्या घासल्या म्हणजे वरून कापड बसताना कोपऱ्यात पोकळी राहत नाही. फोमला जागोजागी बारीक भोकं पाडली, म्हणजे खाली अडकलेली हवा निघते आणि भोकातून इपॉक्सी वर आली की समजतं खाली नीट टेकलंय. डोलकाठीभोवती आणि क्लीटच्या जागी मात्र फोम नाही टाकला, तिथे बोल्टच्या दाबाने फोम चुरतो. तिथे मरीन प्लायचे तुकडे, आयएस ७१० शिक्क्याचे, कडांना इपॉक्सी पाजून. मिस्त्रीला ते तुकडे कापायला दिले, शेवटी लाकूड गेलंच आत म्हणून त्याचं समाधान झालं.

पहिल्यांदा डेकवर नुसत्या पातळ इपॉक्सीचा हात, फोमच्या खालच्या बाजूलाही. मग त्याच इपॉक्सीत सिलिका आणि आरा मशीनवरचा चाळलेला बारीक भुसा घालून लोण्याइतकी घट्ट केली आणि दाते पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीने सारखी पसरली. दाते असले की थर सगळीकडे सारखा पडतो, नुसत्या पट्टीने कुठे जाड कुठे कोरडं. फोम दाबून बसवला, जुन्या बाल्साच्या कडेला लागून असलेली फट भरली, वर मल्चिंग पेपर अंथरला, मिरचीच्या वाफ्यावर अंथरतो तोच, इपॉक्सी त्याला चिकटत नाही. वजनाला पहिल्यांदा धानाचे कट्टे डोक्यात होते पण कट्टा ताठ असतो, मध्येच दाबतो आणि कडा मोकळ्या राहतात. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांमध्ये अर्धीच रेती भरली तर ती पिशवी वाकाला धरून बसते. रात्रभर तसंच.

जिथे बाल्सा कोरडं होतं पण वरचा पत्रा सुटला होता, तिथे कापाकापी नाही केली. पाच मिलिमीटरची भोकं, चार-पाच सेंटिमीटरवर, ड्रिलला टेप लावून म्हणजे बाहेरचा पत्रा फुटत नाही, आणि जनावरांच्या डॉक्टरकडे मिळते ती मोठी सिरिंज. एका भोकातून इपॉक्सी दाबायची, शेजारच्या भोकातून आली की पहिल्यावर टेप. मग रेतीच्या पिशव्या. ही सिरिंजची युक्ती फार लोकप्रिय आहे आणि लोक ओल्या कोअरवरही तेच करतात. पाण्यावर इपॉक्सी कशी धरणार सांगा, आत तळं तसंच राहतं आणि वरून आपण खूश.

दुसऱ्या दिवशी फोमवर हात फिरवला तर इपॉक्सीवर मेणचट थर जाणवला, हार्डनरमुळे येतो तो, अ‍ॅसिटोनने नीट जात नाही, साध्या पाण्याने आणि घासणीने धुतला की जातो. वाळल्यावर परत पेपर मारला. मग काचेचं कापड, दोन थर, जुन्या पत्र्यावर सगळीकडून चार बोटं पुढे गेलेलं. साधी मॅट इपॉक्सीसाठी घेऊ नका, तिचे धागे ज्या चिकटीने बांधलेले असतात ती स्टायरिनमध्ये विरघळते, इपॉक्सीत स्टायरिन नाही, त्यामुळे मॅट ताठ राहते आणि मुरत नाही. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या. शेवटच्या थरावर पील प्लाय म्हणून नायलॉनचं साधं अस्तर दाबून बसवलं, आधी एका तुकड्यावर निघतंय का ते पाहून. ते सोलून काढलं की खाली खडबडीत स्वच्छ पृष्ठभाग मिळतो.

बाजूच्या डेकला मोठी हॅच पाडली, तिथून हात खांद्यापर्यंत जातो. जुन्या पट्ट्या सगळ्या काढल्या, ज्या सुटल्या नव्हत्या त्याही, कारण त्याही आज ना उद्या सुटणारच. तिथे अर्धगोल फोमच्या पट्ट्या ठेवून वरून कापड मढवलं. यात फोम फक्त साचा असतो, जोर कापडाच्या कमानीचा, त्यामुळे कापडाचे पाय दोन्ही बाजूला डेकवर नीट पसरले पाहिजेत, आणि त्या पायांखालची जागा आधी घासलेली पाहिजे. हॅचमधून हात घालून आंधळेपणाने घासणं हे या सगळ्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम होतं, डाव्या बाजूची शेवटची पट्टी तर आरसा धरून केली.

नाव सरळ केल्यावर जुनी स्क्रूची भोकं मोठ्या ड्रिलने मोकळी केली, घट्ट इपॉक्सीने भरली, सेट झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टचं भोक. आता पाणी बोल्टच्या बाजूने शिरलं तरी इपॉक्सीच्या नळीतून खाली जातं, कोअरला भेटत नाही. खालून अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, भोकात सीलंट. रंगाला टू-पॅक पॉलियुरेथेन मारला, पांढरा. जेलकोट (फायबरच्या वस्तूंवरचा बाहेरचा रंगीत चकचकीत थर) इपॉक्सीवर नीट सेट होत नाही म्हणून तो नाही, आणि गडद रंग तर आमच्या उन्हात नकोच, मागच्या मालकाने निळा मारला होता.

आता डेकवर फायबरवाला पोरगा आणि मी दोघं एकाच वेळी उभे राहतो, उड्या मारून पाहिल्या त्याने, काही नाही. ठोकून पाहिलं तर पेन्सिलच्या जुन्या नकाशाच्या जागी सगळीकडे एकच आवाज. फक्त उजव्या कोपऱ्यात, जिथे सिरिंज मारली होती, तिथे एक हातभर जागेत आवाज किंचित वेगळा वाटतो, लचकत नाही पण वाटतो. ती जागा खूण करून ठेवलीय, दिवाळीनंतर उघडून पाहीन, आता मृग लागलाय, पऱ्हे टाकायचे आहेत, मग रोवणी, तोपर्यंत नावेला वेळ नाही. तिला पालथी करून मांडवाखाली ठेवलीय, खाली विटा देऊन, आणि हॅचची झाकणं काढून, म्हणजे आत हवा खेळते. झाकणाच्या जागी बारीक जाळी बांधा मात्र, पावसाळ्यात अशा कोरड्या अंधाऱ्या जागेत विंचू येऊन बसतात आणि आपण हात खांद्यापर्यंत आत घालतो.